जामीनदाराची सही

मनमाडमध्ये ज्या घरात दरमहा पगारपत्रक येते, ते घर सगळ्या मोहल्ल्याला माहीत असते. आमचे गाव रेल्वेचे जंक्शन. अन्न महामंडळाची गोदामे, पानेवाडीचे इंधन डेपो आणि रेल्वेचा कारखाना यांच्या आधाराने इथली निम्मी चूल पेटते. आमच्या मोहल्ल्यातले पुरुष ट्रक आणि टँकर चालवतात, गॅरेजमध्ये काम करतात, फळांची गाडी लावतात, वेल्डिंगचे दुकान चालवतात. बायका शिलाई करतात. कमाई कष्टाची असते, हलाल असते, पण ती कागदावर नसते. त्यामुळे एखाद्या पतसंस्थेने किंवा बँकेने “दोन नोकरदार जामीनदार आणा” असे सांगितले, की माणसे शिक्षकाचे दार शोधत येतात. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने रेल्वेतील मुस्लिम कर्मचाऱ्यांचे प्रमाण ४.५ टक्के नोंदवले होते, आणि त्यातलेही बहुतेक सगळे खालच्या श्रेणीत. म्हणजे आपल्या समाजात पगारपत्रके थोडी आणि ती मागणारे हात पुष्कळ. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. नोकरीला लागल्यापासून माझ्याकडे सर्वांत जास्त मागितली गेलेली गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी सांगेन: पैसे नव्हेत, माझी सही.

ही सही म्हणजे नेमके काय, हे मागणाऱ्याला ठाऊक नसते आणि बऱ्याचदा देणाऱ्यालाही. “फक्त एक सही हवी आहे, तुम्हाला काही भरायचे नाही” असे म्हणून कागद पुढे सरकवला जातो. म्हणून आज या विषयावर चार गोष्टी मोकळेपणाने लिहिते आहे.

आधी शब्द पाहू. ‘जामीन’ हा शब्द आपण मराठीत इतका वापरतो, की तो अरबीतून आला आहे हे आपण विसरलो. अरबीत ‘जामिन’ म्हणजे जबाबदारी अंगावर घेणारा. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘जामीनकतबा’ म्हणजे जामिनाचा लेख. त्या काळात जामिनाचे प्रकारही वेगळे ओळखले जात. माणूस ठरल्या वेळी हजर राहील याची हमी घेणारा तो हाजीरजामीन, आणि पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. आपल्या फिकहमध्येही ‘कफालत’चे असेच दोन भाग आहेत: एक माणसाच्या हजेरीची कफालत, दुसरी मालाची. कोर्टात आरोपीसाठी उभा राहणारा जामीनदार आणि कर्जाच्या कागदावर सही करणारा जामीनदार यांना आज आपण एकच शब्द वापरतो. पण कर्जाचा जामीनदार हा मालजामीन आहे. तो माणसाच्या चांगुलपणाची साक्ष देत नाही, तर पैसे भरण्याचा शब्द देतो.

कायद्यातही हेच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मध्ये हमीच्या कराराची व्याख्या आहे. त्यात तीन माणसे असतात. कर्ज देणारा, कर्ज घेणारा, आणि घेणाऱ्याने फेडले नाही तर मी फेडीन असे म्हणणारा. कलम १२८ सांगते, की करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. मुद्दल, व्याज, दंड, खर्च, जे काही कर्जदारावर निघते ते सगळे जामीनदारावरही निघते. तीन लाखांच्या कर्जावर दोन जामीनदार असतील, तर आपल्यावर दीड लाखाचीच जबाबदारी, असे अनेकांना वाटते. तसे नाही. दोघांनी आपसांत समान वाटा उचलावा असे कलम १४६ म्हणते, पण हा हिशोब त्या दोघांमधला. वसुली करणारा एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. मग त्याने दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागायचा.

दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. “आधी त्याचे घर, दुकान, गाडी विका, उरले तर माझ्याकडे या,” असे जामीनदार ठामपणे म्हणतो. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने बँकेला सांगितले होते, की आधी मूळ कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करा आणि मगच जामीनदाराकडे वळा. उच्च न्यायालयानेही ते कायम केले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढून टाकली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अडचणीच्या वेळी पैसे लगेच मिळावेत म्हणून तर जामीन घेतलेला असतो. त्यालाच थांबायला सांगितले तर जामीन घेण्याचा उपयोग काय? म्हणजे कर्जदार समोर असला, त्याच्याकडे मालमत्ता असली, तरी संस्था थेट जामीनदाराकडे येऊ शकते. हनफी फिकहमध्येही धनको मूळ ऋणको आणि कफील यांपैकी कोणाकडेही मागणी करू शकतो. या एका बाबतीत देशाचा कायदा आणि आपली फिकह जवळजवळ एकच बोलतात.

आमच्या ओळखीच्या एका सरांच्या बाबतीत हे डोळ्यांसमोर घडले. त्यांनी एका सहकाऱ्यासाठी पगारदार पतसंस्थेत जामीन दिला होता. सहकारी आजारी पडले, मग बिनपगारी रजेवर गेले, पगार थांबला आणि हप्तेही थांबले. काही महिन्यांनी सरांच्या पगारातून कपात सुरू झाली. सर मुख्याध्यापकांकडे गेले, पतसंस्थेत गेले आणि सगळीकडे एकच वाक्य बोलले, “मी तर एक पैसाही घेतलेला नाही.” त्यांचे बोलणे खरे होते, पण त्याने काही बदलणार नव्हते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासद असे लिहून देऊ शकतो, की संस्थेची बाकी माझ्या पगारातून कापून द्यावी. एकदा ते लिहून दिले, की पगार देणाऱ्या कार्यालयाला कपात करावी लागते. याच कायद्याच्या कलम १०१ नुसार संस्था निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते. त्या दाखल्यावर कर्जदाराबरोबर जामीनदाराचेही नाव येते आणि त्यावर जप्तीपर्यंतची कारवाई होऊ शकते. सरांच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी होते. ते लग्न कसे झाले, हे आम्हा शेजाऱ्यांना माहीत आहे.

जामीन दिलेल्या कर्जाची नोंद आता आपल्या सिबिल अहवालातही दिसते. समोरच्याचे हप्ते थकले, तर उद्या आपण स्वतःच्या घरासाठी अर्ज करू तेव्हा त्याचा परिणाम आपल्याला भोगावा लागतो. हप्ते नीट भरले जात असले, तरी आपल्याला कर्ज देताना बँक ही जबाबदारी हिशोबात धरू शकते.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. माझे अब्बा रेल्वेच्या कारखान्यात होते. मी सहावी-सातवीत असताना त्यांनी एका कामगार मित्रासाठी सोसायटीत जामीन दिला होता. ते गृहस्थ नोकरी सोडून गाव सोडून गेले. अम्मीला हे कधी कळले? पगाराचे पाकीट हलके आले तेव्हा. अब्बांनी सही करताना घरात सांगितले नव्हते. पुढची अडीच वर्षे कपात चालली. त्या काळात आमच्या घरी ईदला एकाच्याच अंगावर नवे कपडे येत, आणि कोणाच्या ते अम्मी ठरवी. अब्बांनी त्या मित्राबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. “मी जबान दिली होती,” एवढेच ते म्हणत. मला त्यांचा अभिमान आहे. पण आज दोन मुलांची आई झाल्यावर मला अम्मीची बाजूही दिसते. जबान अब्बांची होती आणि ती पाळण्याची किंमत तिने कांद्या-डाळीतून भरली. तिला आधी विचारले असते, तर कदाचित तिने होच म्हटले असते. पण तो होकार तिचा असता.

अब्बांना हेही कोणी सांगितले नव्हते, की जामीनदाराने पैसे भरले की तो धनकोच्या जागी उभा राहतो. कलम १४० आणि १४५ नुसार त्याने योग्य रीतीने भरलेली रक्कम त्याला मूळ कर्जदाराकडून वसूल करता येते. कर्जासाठी सोने किंवा गाडी तारण ठेवलेली असेल, तर कलम १४१ नुसार त्या तारणावरही त्याचा हक्क येतो. म्हणून भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ‘जामीनदार म्हणून भरणा’ असे लिहून घेतली पाहिजे. अशी पावती नसेल तर हक्क कागदावर राहतो आणि हातात काहीच येत नाही.

जामिनाबद्दल बोलताना हजरत अबू कतादा (र.) यांची घटना अनेकांना आठवते. एक जनाजा आणला गेला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले, याच्यावर काही कर्ज आहे का? तीन दीनार आहेत, असे लोकांनी सांगितले. तेव्हा त्यांनी सहाबींना सांगितले, की तुमच्या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा. अबू कतादा (र.) पुढे आले आणि म्हणाले, की हे कर्ज माझ्याकडे. मग प्रेषितांनी (स.) नमाज पढवली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. आपण ती जामीनदाराच्या थोरवीसाठी सांगतो आणि तिथेच थांबतो. पण मुस्नद अहमदमध्ये हजरत जाबिर (र.) यांच्याकडून आलेल्या रिवायतीत पुढचा भागही आहे. प्रेषितांनी (स.) नंतर अबू कतादांना विचारले, की त्या दीनारांचे काय झाले? आणि ते फेडल्याचे कळले तेव्हाच मृताला आराम मिळाल्याचे सांगितले. मला या विचारण्याचे फार महत्त्व वाटते. जबाबदारी घेतल्याचे कौतुक तिथेच संपले नाही, फेड झाली की नाही याची चौकशीही झाली. अबू कतादांनी जे कर्ज घेतले ते त्यांना फेडता येण्याजोगे होते, आणि ते त्यांनी फेडले.

कुरआनातही सूरह यूसुफमध्ये जामिनाचा उल्लेख येतो. बादशहाचे हरवलेले माप आणून देणाऱ्याला उंटभर धान्य मिळेल, आणि त्याचा मी जामीन आहे, असे पुकारणारा तिथे सांगतो. आणि सूरह बकराची सर्वांत लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण सगळे जाणतो. तरी नात्यातल्या व्यवहारात लिहिण्याचा विषय काढला की माणसे दुखावतात. “आमच्यावर भरोसा नाही का?” असे विचारतात. भरोसा आहे म्हणूनच लिहायचे, म्हणजे तो टिकतो.

गेल्या वर्षी माझ्याकडे सहा महिन्यांच्या अंतराने दोन मागण्या आल्या. पहिली घरातली होती. माझ्या धाकट्या दिरांना जुनी पिकअप घ्यायची होती. एका फायनान्स कंपनीचे सहा लाखांचे कर्ज, चार वर्षांची मुदत, हप्ता सोळा हजारांच्या वर. “भाभी, तुमच्या पगाराची स्लिप लावली की काम होते,” ते म्हणाले. दीर कष्टाळू आहेत, व्यसन नाही, शब्दाचे पक्के आहेत. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, ह्यांनी खाली पाहिले. घरातल्या नोकरी करणाऱ्या बाईला हे बघणे ओळखीचे असेल.

मी दोन दिवस मागून घेतले. वहीत आमचा खर्च लिहिला: घराचा हप्ता, मुलीची अकरावी, मुलाचा क्लास, अम्मीची औषधे. मग स्वतःला एक प्रश्न विचारला. उद्या देव न करो, गाडीला अपघात झाला किंवा दीर अंथरुणाला खिळले, तर हा सोळा हजारांचा हप्ता मी चार वर्षे भरू शकेन का? उत्तर स्पष्ट होते. दुसरा प्रश्न व्याजाचा होता. व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार हे सगळे गुन्ह्यात सारखे, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिच्या आधारे अनेक आलिम व्याजाच्या कर्जाला जामीन राहणेही नाजायज मानतात. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नव्हे. या मुद्द्यावर प्रत्येकाने आपल्या भरोशाच्या आलिमांना विचारावे. पण दिरांना मी फक्त व्याजाचे कारण सांगितले असते, तर ते अर्धे सत्य झाले असते. म्हणून दोन्ही कारणे सांगितली. ही रक्कम भरण्याची माझी ऐपत नाही, आणि ऐपत नसताना सही करणे म्हणजे फायनान्स कंपनीला आणि तुम्हालाही खोटा शब्द देणे, असे मी म्हटले. माझ्याकडे बाजूला ठेवलेले चाळीस हजार होते. ते डाऊन पेमेंटसाठी कर्जे-हसना म्हणून देऊ केले, लिहून.

दिरांनी ते पैसे घेतले नाहीत. त्यांनी दुसरीकडून जामीन मिळवला, गाडी घेतली, आणि अल्लाहच्या कृपेने गाडी चालते आहे. ईदला ते घरी आले, शीरखुर्मा घेतला, पण पूर्वीसारखे बसून गप्पा मारल्या नाहीत. हे मला लागते. नाही म्हणण्याचीही किंमत असते आणि ती मी देते आहे. त्यांची गाडी नीट चालली म्हणजे माझा नकार चुकीचा होता, असे मात्र मला वाटत नाही. माझा हिशोब त्यांच्या नशिबाचा नव्हता, माझ्या ऐपतीचा होता.

दुसरी मागणी आमच्या गल्लीतल्या एका विधवा बहिणीची होती. तिला ओव्हरलॉक आणि पिको-फॉलची मशीन घ्यायची होती. बिनव्याजी कर्ज देणारी एक पतसंस्था तीस हजार द्यायला तयार होती, पण बिनव्याजी संस्थेलाही जामीनदार लागतोच. दरमहा दीड हजार, वीस महिने. मी पुन्हा वही काढली. तिने एकही हप्ता भरला नाही तरी दीड हजार माझ्या घराला जड नव्हते. घरात सगळ्यांना सांगितले आणि सही केली. ह्यांनी विचारले, “मग तू तिला तीस हजार देऊनच का टाकत नाहीस?” मी म्हटले, ती मागायला आलेली नाही. तिला कर्ज हवे आहे. आपल्या कमाईतून फेडून मशीन आपली म्हणता यावी, असे तिला वाटते. जामीन राहण्यातली खरी खूबी मला त्या दिवशी समजली. समोरच्याचा हात खाली न करता आपण त्याच्या मागे उभे राहू शकतो.

सातव्या महिन्यात तिची आई आजारी पडली आणि दोन हप्ते चुकले. संस्थेचा फोन मला आला. मी गुपचूप भरून टाकले नाही. तिच्या घरी गेले, मशीनसमोर बसलो, हिशोब केला. एक हप्ता तिने भरला, एक मी उसना दिला. रमजानमध्ये शिलाईचे काम भरपूर आले आणि ईदच्या आधीच तिने माझे पैसे परत केले. आता तिचे थोडेच हप्ते उरले आहेत. कर्ज संपले की संस्थेकडून बेबाकी दाखला घ्यायचा आणि माझे हमीपत्र रद्द करून परत मागायचे, हे आम्ही दोघींनी आत्ताच वहीत लिहून ठेवले आहे.

या दोन अनुभवांवरून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे, आणि तो वाचक बहिणी-भावांपुढे ठेवते. ज्या रकमेची फेड माझ्या मुलांच्या ताटाला हात न लावता मी स्वतः करू शकते, तेवढ्याच रकमेला जामीन राहायचे. माणूस किती भला आहे हा प्रश्न त्यानंतरचा. भल्या माणसालाही आजार येतो, अपघात होतो, मंदी येते. जामीनदार त्याच दिवसांसाठी मागितलेला असतो.

सही करण्यापूर्वी काही गोष्टी जरूर पाहा:

१. कागद कोरा किंवा अर्धवट भरलेला असेल तर सही करू नका. रक्कम, व्याज, मुदत, हप्ता हे सगळे लिहिलेले असले पाहिजे. हमीपत्राची आणि कर्जाच्या कराराची प्रत मागून घरी ठेवा.

२. हमी ठरावीक रकमेपुरती आहे की ‘चालू हमी’ आहे, ते विचारा. कॅश क्रेडिटसारख्या खात्यात हमी चालू असते, म्हणजे पुढेही उचललेल्या रकमेला ती लागू होते. अशी हमी कलम १३० नुसार लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते. आधी दिल्या गेलेल्या कर्जाची जबाबदारी मात्र तशीच राहते.

३. आपल्याला न विचारता संस्थेने आणि कर्जदाराने अटी बदलल्या, तर कलम १३३ नुसार त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो. पण छापील हमीपत्रात बहुधा ‘असे बदल मला मान्य राहतील’ अशी ओळ असते. ती शोधून वाचा.

४. महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटे सांगून घेतलेली हमी कलम १४२ आणि १४३ नुसार टिकत नाही. म्हणून तुम्हाला काय सांगितले गेले, ते शक्यतो लेखी ठेवा.

५. जामीनदाराची मुळात गरज आहे का, ते आधी विचारा. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत पालक सहकर्जदार असले की बाहेरचा जामीन किंवा तारण लागत नाही. मुद्रा योजनेची कर्जे विनातारण आहेत. फेरीवाल्यांसाठी २०२० पासून सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतही तारण लागत नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे जाताना मात्र जामिनाची सध्याची अट कार्यालयातच विचारून घ्या. या कर्जांतही व्याजाचा प्रश्न आहेच, पण निदान दुसऱ्याचे घर त्यात अडकत नाही.

६. जामीन दिल्याची नोंद घरात ठेवा. आपल्या धर्मात वारसाहक्काची वाटणी कर्ज फेडल्यानंतरच होते. जामीनदार वारला, तरी आधीच दिल्या गेलेल्या कर्जाची त्याची जबाबदारी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर राहते. बायको-मुलांना ते नोटीस आल्यावर कळू नये.

नोकरी करणाऱ्या बहिणींना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. आपली कमाई ही शरियतने आपलीच मानली आहे. तिच्यावर नवऱ्याचा, सासरचा किंवा माहेरचा हक्क आपोआप येत नाही. घरासाठी आपण खर्च करतो ते प्रेमाने करतो. तशीच आपली सहीसुद्धा आपली आहे. “घरातलेच काम आहे” म्हणून कागदावर बोट ठेवून दाखवले जाते आणि बाई न वाचता सही करते, हे मी अनेक सुशिक्षित घरांत पाहिले आहे. बीएड झालेल्या, मुलांना आकलनाचे उतारे शिकवणाऱ्या बायका हमीपत्र वाचायला लाजतात. वाचायला वेळ मागणे हा अविश्वास नाही. दोन दिवस मागा. जो दोन दिवस द्यायला तयार नाही, त्याला सही का द्यायची, हे तुम्हीच ठरवा.

आणि आता कर्ज घेणाऱ्यांसाठी. जामीनदाराची सही तुमच्याकडे अमानत आहे. हप्ता चुकणार असेल तर संस्थेच्या फोनच्या आधी तुमचा फोन त्याला गेला पाहिजे. कर्ज फिटत असेल तर दर सहा महिन्यांनी पासबुक दाखवा, मागण्याची वाट पाहू नका. शेवटचा हप्ता भरलात की बेबाकी दाखल्याची प्रत घेऊन त्याच्या घरी जा. मिठाई नेली नाही तरी चालेल, कागद न्या. ज्याने तुमच्यासाठी शब्द दिला, त्याच्या मनावरचे ओझे उतरवणे हा त्या कर्जाचा शेवटचा हप्ता आहे.

अडचण खरी असेल आणि हप्ता भरणे शक्यच नसेल, तर सवलत देण्याची शिकवणही आपल्याकडे आहे. तंगीत असलेल्याला सोय होईपर्यंत मुदत द्यावी, असे सूरह बकरामध्ये सांगितले आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्यांचा वेगळा उल्लेख सूरह तौबात आहे. आपण जकात देताना गरीब आणि मदरसे आठवतो, पण प्रामाणिकपणे कर्जात अडकलेला माणूस क्वचितच आठवतो. त्याचा भार हलका झाला, तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या जामीनदाराचे घरही वाचते. बांगलादेशात १९७६ साली मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी जोब्रा गावच्या गरिबांसाठी बँकेत स्वतःचा जामीन दिला होता, कारण बँक त्या गरिबांवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. पुढे त्यातूनच ग्रामीण बँक उभी राहिली, आणि तिथे बाहेरच्या जामीनदाराऐवजी कर्ज घेणाऱ्यांचे छोटे गट एकमेकांना सांभाळू लागले. एका शिक्षकाने लहान रकमेसाठी, समजून-उमजून दिलेली सही किती दूर जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्या मोहल्ल्यात इतके मोठे काही लगेच होणार नाही. पण एक छोटी गोष्ट सहज होऊ शकते. मी सध्या रविवारी सकाळी, पाणी भरून झाले की, तास-दीड तास घरी बसते. ज्यांना कर्जाचा, जामिनाचा किंवा भाडेकराराचा मराठी कागद समजत नाही, ते तो घेऊन येतात आणि मी ओळ न ओळ वाचून उर्दूत समजावते. सल्ला देत नाही, कोणाला अडवत नाही, कागदात काय आहे एवढेच सांगते. आतापर्यंत दोघांनी वाचून झाल्यावर सही न करण्याचे ठरवले, आणि बाकीच्यांनी समजून सही केली. आपल्या प्रत्येक गावात मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणारी एक तरी शिक्षिका, एक तरी शिक्षक आहे. आठवड्यातला एक तास त्यांनी दिला, तर पुष्कळ घरांत पगाराचे पाकीट हलके झाल्यावर नव्हे, सही करण्याआधीच बोलणे होईल.